सुपाएवढी जागा

शेणकाल्याची ओंजळ घेऊन देवकी कणगीपाशी आली आणि तिचा हात थांबला. भिंतीलगत सुपाएवढी जागा कोरडी होती. बाकीची जमीन चार-चार दिवसांनी सारवली जायची. तेवढी जागा मात्र दोन महिने तशीच, पांढुरकी, भेगाळलेली.

"आज तिला उठव," ती राहीला म्हणाली.

नऊ वर्षांची राही चुलीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "ती नाय उठत, आये."

"सांग तिला, माझ्या आयेनं सांगितलंय."

"तुझं तिला ऐकू नाय येत."

भाताची झोडणी चालू असताना ही हिरव्या लुगड्याची बाई राहीला पहिल्यांदा दिसली, बाकी कोणालाच नाही. देवकीने पोरीवर ओरडून पाहिलं, चापट मारून पाहिली. पाच कोस चालत मुरबाडला नेलं, तर तिथल्या एका डॉक्टरने जीभ बघून जंतांचं औषध दिलं. बाई दिवसभर बोलत राहायची. राही कान दाबायची, तोंडातला घास थुंकायची. शेवटी एकदा सारवताना वैतागून देवकीने ती बसते म्हणे तेवढी जागा सोडून दिली. त्या दिवशी पोरीने अख्खी भाकर संपवली.

पण नवऱ्याच्या, बारकूच्या, मते हे बाहेरचं होतं. कोंडू भगत आज दुपारी येणार होता. पोरीला अजून दिसत असेल तर तापल्या विळ्याचा डाग द्यायचा, बारकू बैल बघायला म्हशाच्या जत्रेला जायच्या आत, असं बारकूने आणि भगताने ठरवलं होतं. विळा सकाळपासून चुलीच्या कडेला ठेवलेला होता.

"भगतानं विचारलं तर काय सांगशील?"

राहीने कणगीकडे बघितलं.

"नाय, कोनी नाय. म्हन."

"पन ती हाय ना."

"असू दे गो! तिथंच बसू दे मेलीला! तू नाय म्हन." देवकीने ओला काला त्या कोरड्या जागेवर थापला. राहीने कान दाबले. देवकीने तिचे हात ओढून खाली आणले. मनगटांवर शेणाची बोटं उमटली.

"परत म्हन."

दुपारपर्यंत तिने ते वीसदा म्हणवून घेतलं.

कोंडू आला तो हसतच. "काय गो, कुठं बसलीय तुझी बाई? आमालाबी दाव. लय दिस झालं, घरात आमचीच म्हातारी बघतोय."

बारकू हसला.

"नाय. कोनी नाय," राही म्हणाली.

"कधीपास्नं?"

"सोमवारपास्नं," देवकी मध्येच बोलली.

"तू गप," बारकू म्हणाला. "तिला बोलू दे."

कोंडूने राहीची हनुवटी वर केली. तिने डोळे हलवले नाहीत. "नाय. कोनी नाय." पाढा म्हणावा तसा सपाट आवाज.

"गेली ती," कोंडू म्हणाला. "पुनवेला नारळ फोडा." बारकूने विळा उचलून मेढीच्या खांबाला अडकवला.

दोघं बाहेर पडल्यावर देवकीने पोरीला जवळ ओढलं. "शहाणी माझी. आता मला सांग, काय म्हनते ती?"

"नाय. कोनी नाय."

"अगो, ते गेले. माझ्यापाशी तरी खरं बोल."

"नाय, आये. कोनी नाय." तोच आवाज. दोन महिने देवकीला हेच शब्द ऐकायचे होते.

चार दिवसांनी सारवायला घेतलं तेव्हा तिने हात वळवून कणगीजवळची जागा पुन्हा कोरडी ठेवली, आणि राहीकडे न बघता पाणी आणायला गेली.

हंडा घेऊन परतली तर राही त्या जागेशी ओणवी होती. बादलीतला काला घेऊन ती भिंतीपर्यंत नीट सारवत होती, एकावर एक अर्धगोल, आईने शिकवले होते तसेच. तिचे ओठ हलत होते.

"राही," देवकीने दारातून हाक मारली.

ओठ थांबले.