अडीच तासांचं वाळवण

ड्रायर वेळ लावतो अशी तक्रार आली की दहापैकी आठ वेळा दोष माणसाचा असतो. तेवीस वर्षं मी हीच दुरुस्तीची कामं करतोय, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरताना माझं तोंड आधीच वाकडं झालेलं असतं.

त्या घरात सूनबाईंनी दार उघडलं. खांद्यावर ओली चादर होती.

"दादा, पूर्वी चाळीस मिनिटांत वाळायचं, आता अडीच तास लागतात. बाबांच्या रोज तीन चादरी असतात. नाकी नऊ आलेत माझ्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे म्हणतात, असंच चाललं तर रविवारी बाबांना वृद्धाश्रमात ठेवून येऊ. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मला नाही हो पाठवायचं. पण मी एकटी कुठवर पुरणार?"

बाबा म्हणजे त्यांचे सासरे. ड्रायर त्यांच्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी होता. म्हातारा चाकांच्या खुर्चीत बसला होता आणि माझं येणं त्याला मुळीच रुचलेलं नव्हतं.

"म्हातारं झालंय ते यंत्र," तो म्हणाला. "वेळ लागणारच. मला नाही लागत?"

सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी कामाला लागलो. तंतू अडकतात ती जाळी काढली, लख्ख होती. आत हवा तापत होती, ड्रम फिरत होता. यंत्र भिंतीला रेटून लोक दमट हवा बाहेर नेणारी मागची नळी चेपून टाकतात, तीही इथे धडधाकट होती. मग ही दमट हवा बाहेर का पडत नव्हती? मी खोलीला लागूनच असलेल्या बाल्कनीत गेलो. नळीचं तोंड तिथे भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर निघालं होतं. झडप उचलून बोटं घातली, तर घट्ट गुंडाळी केलेला करडा लोकरी मोजा हाती आला.

आत येऊन पाहिलं. त्याचा जोडीदार म्हाताऱ्याच्या डाव्या पायात होता. उजवा पाय उघडा.

"काका, हे काय?"

"मोजा."

"ते दिसतंय मला. आग लागली असती! घरासकट गेला असतात सगळे."

मी खरोखर चिडलो होतो. म्हातारा खाली बघत राहिला.

"चाळीस मिनिटांत वाळलं की ती कपडे उचलते आणि जाते," तो म्हणाला. "वेळ लागला की इथे बसते. सारखं उघडून बघावं लागतं ना. मग बोलते. परवा तिच्या लहानपणच्या शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली. मुलगा नुसता दारातून 'बरंय ना?' विचारतो."

मी गप्प बसायला हवं होतं. लोकांच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम. पण तोंडातून गेलंच.

"याच मोज्यापायी तुम्हाला रविवारी वृद्धाश्रमात पोचवायचं चाललंय, काका. तिच्याच्याने आता होत नाही."

मग त्याने उजवा पाय थोडा पुढे केला. मी मोजा झटकला आणि त्याच्या पायात चढवला. पाय बर्फासारखा गार होता, आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

चादरी टाकून मी यंत्र सुरू केलं. अडतीस मिनिटांत वाळल्या. सूनबाई आल्या.

"काय निघालं?"

"नळीच्या तोंडाशी कपडा अडकला होता."

त्यांची नजर सासऱ्याच्या पायांवर गेली. दोन्ही मोजे जागेवर होते.

"पंधरा दिवस शोधतेय मी हा मोजा," त्या म्हणाल्या. म्हातारा खिडकीकडे बघत होता.

मी कागदावर काम लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: यंत्र चालू असताना घरातलं माणूस समोर बसलेलं असावं. तो नियम आहेच. पाळत कुणी नाही.

सूनबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या खोलीतून स्टूल आणून यंत्रासमोर ठेवलं, ओल्या कपड्यांची पुढची खेप आत टाकली आणि बसल्या.

"चाळीस मिनिटं, बाबा. त्यापुढे मला स्वयंपाक आहे."

"चाळीस पुष्कळ झाली," तो म्हणाला. मग अगदी हळू विचारलं, "आणि रविवारी?"

सूनबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी हत्यारं भरत राहिलो.

"रविवारीही तीन चादरी असतीलच की, बाबा," त्या म्हणाल्या.