तुआइनेचा पाहुणा

"शीड आलं, शीड!" कुणीतरी माडावरून ओरडलं, तेव्हा तुआइने नारळ खवत बसली होती. खवणी तिथंच टाकून ती किनाऱ्याकडे धावली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तिला शीड काय, स्वतःची होडीसुद्धा धड दिसत नव्हती. पण खडकांमधली वाट साठ वर्षांची पाठ होती. डब्यातलं शेवटचं पेट्रोल तिनं इंजिनात ओतलं. मालाचं जहाज आठ महिने फिरकलं नव्हतं.

"वहिनी, अहो थांबा! आपटाल कुठंतरी!" तिचा दीर नोओरोआ मागून आपल्या होडीत वल्ही मारत बोंबलत होता. काळजीबिळजी काही नाही, त्यालाही पाहुणा हवा होता.

बेटाची रीतच होती, पाहुण्याच्या बोटीला ज्याचा हात आधी लागेल, त्याच्या घरी पाहुणा उतरणार. तुआइनेचा हात नाही, अख्खी होडीच लागली, धाडकन! थांबायचं कुठं हेच तिला दिसलं नव्हतं.

"ही काय जिंकायची रीत झाली?" नोओरोआ फणफणला.

"लागली ना? मग झालं तर!"

तिला जिंकणं भागच होतं. मोठ्या बेटावर पंधरा दिवसांनी डोळ्यांचे डॉक्टर यायचे होते. आठवडाभर ऑपरेशनं करणार, मग वर्षभर तोंड दाखवणार नाहीत. आणि हा लॅम्बर्ट नावाचा पाहुणा एकटा, तिकडंच निघालेला. घोडं अडलं ते एका गोष्टीपाशी. घरी उतरलेल्या पाहुण्याकडं काही म्हणजे काही मागायचं नाही. मागितलं की सात पिढ्यांची अब्रू गेली. त्यानं आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी.

म्हणून तिनं पहिल्याच दुपारी घरातला शेवटचा, नाताळसाठी जपलेला मांसाचा डबा फोडला. लॅम्बर्टनं ताटली हळूच बाजूला सरकवली. डबाबंद खाणं सोडायलाच तर मी घर सोडलं, म्हणाला. डबा नोओरोआनं चाटूनपुसून खाल्ला.

तिनं चहा कपाशेजारी ओतून दाखवला.

"वा! काय निवांतपणा!" लॅम्बर्ट म्हणाला. "कपाकडं बघतसुद्धा नाही!"

"मला सगळं पांढरंच दिसतं हो," ती म्हणाली.

"एवढी वाळू आहे, दिसणारच."

"एकदा मोठ्या बेटावर जाऊन यावं म्हणते."

"छे छे! नुसती गर्दी तिथं. तुम्ही इथंच छान आहात."

चार दिवस हेच. हा माणूस मठ्ठ आहे की आपलंच नशीब फुटकं, तिला कळेना. पाचव्या सकाळी त्यानं पाहुण्यांच्या वहीत पानभर लिहिलं, तिला मिठी मारली, दोनदा डोळे पुसले आणि निघून गेला. तुआइने वही मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तिला फार वाईट वाटत होतं. नोओरोआ आला तशी तिनं वही त्याच्या हातात कोंबली.

"वाचा. मासे आवडले म्हणतोय का मेला?"

नोओरोआनं मनातच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दातखीळ बसली का भाऊजी?"

"'एकट्यानं बोट हाकून जीव मेटाकुटीला आलाय,'" तो सावकाश वाचू लागला. "'मोठ्या बेटापर्यंत कुणीतरी सोबत चला, हे रोज ओठांवर यायचं. पण तुम्ही सगळे इथं इतके सुखात, की मागायची लाज वाटली.'"

तुआइने आधी हसली. मग तिला रडू कोसळलं. मग एकदम उठली.

"शीड दिसतंय का?"

"दिसतंय. वारा पडलाय, रेंगाळतंय."

"इंजिन चालू करा!"

"कशावर? पेट्रोल तर तुम्ही त्याला जिंकायला जाळलंत."

"मग वल्ही घ्या! आता त्यानं विचारलंय, भाऊजी. लेखी विचारलंय!"

"वहिनी, मी सत्तरीचा आहे."

"डबा खाताना नव्हतात?"

नोओरोआ निमूट होडीत बसला. वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढं असते, त्यामुळं शिडाकडं तोंड करून बसली तुआइने. खडक मागं पडले. नोओरोआच्या छातीचा भाता झाला. मान वळवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"वहिनी, बघा हो, किती राहिलं? नाहीतर परत फिरू."

तुआइनेनं डोळे ताणून पुढं पाहिलं. सगळं पांढरंफटक होतं.

"हे काय, आलंच," ती म्हणाली. "मारा."