दुर्गाच्या कानातली शिट्टी

सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका सूत कंपनीत दुर्गा धागा पिळायच्या मशीनवर कामाला होती. साक्रीकडच्या खेड्यातून ती आली तेव्हा आईला वाटलं होतं, पोरगी दिवाळीपर्यंत कंटाळून परत येईल. इथे तिसरं वर्ष लागलं तरी ती परत गेली नव्हती, कारण इथलं जगणं तिला आवडलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नसतं. बारा तास उभं राहायचं, वर पत्रा, उन्हाळ्यात भिंतीलासुद्धा हात लावता येत नाही, यात आवडण्यासारखं काय, असं कुणीही विचारलं असतं. पण सुटीच्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपलं तरी इथे कुणी पांघरूण ओढत नव्हतं. केस धुऊन, ओले मोकळे सोडून दारात बसता येत होतं. मनात आलं तर इको गाडी पकडून सिल्वासात जायचं, नदीकाठच्या बागेत सेवखमणी खायची. फुदिना घातलेला चहा तिने इथेच पहिल्यांदा चाखला होता, आणि आता त्याच्यावाचून तिची सकाळ सुरू होत नव्हती.

शिवाय गुड्डी होती. गुड्डी नवापूरची. दोघींनी मिळून खोली घेतली होती. ती पेन जोडायच्या कंपनीत जायची आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सिरियल बघायची. संध्याकाळी भाकरी खाऊन झाली की ती सगळी सिरियल दुर्गाला सांगायची. नुसती सांगायची नाही, प्रत्येकाचा आवाज काढायची. एखादी गोष्ट तिला पटली नाही तर ती सरळ बदलून टाकायची. सासू जिन्यावरून पडली नसेल तर गुड्डी तिला पाडायची. दुर्गाने ती सिरियल कधीच बघितली नाही. गुड्डीकडून ऐकण्यात जी मजा होती ती बघण्यात नसणार, अशी तिची खात्री होती.

वैशाखात एका संध्याकाळी चाळीतल्या खोल्यांच्या पूर्ण लाइनची वीज गेली. खोलीत बसवेना म्हणून दोघी दारातल्या पायरीवर आल्या. अंधार असा की शेजारच्या खोलीसमोरची सायकलही दिसत नव्हती. गुड्डीने कालचं अर्धं राहिलेलं सांगायला सुरुवात केली.

दुर्गाला तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कुणी घोंगडीत तोंड घालून बोलावं तसं वाटत होतं. आणि त्यावर ती शिट्टी. लांब कुणाच्या तरी घरी कुकर लागलाय आणि त्याची शिट्टी थांबतच नाही, असा बारीक आवाज बरेच महिने तिच्या कानात होता. आधी तो झोपेपर्यंत जायचा. मग फक्त सुटीच्या दिवशी जायचा. आता जातच नव्हता. मशीनवरच्या सगळ्यांनाच असं होत असेल, असं ती धरून चालली होती. गुड्डी बोलताना आपण तिच्या तोंडाकडे बघत असतो, हे तर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती अंदाजाने "हं, हं" म्हणत राहिली. मध्येच गुड्डी थांबली. मग तिचा आवाज बारीक झाला, कापला. सासू रडायचं नाटक करतेय असं वाटून दुर्गा हसली. "मस्त झालं," म्हणाली.

गुड्डी उठली आणि आत गेली.

वीज आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुर्गाने हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने स्वतःपुरत्या भाकरी केल्या आणि परातीवर झाकण ठेवून निघून गेली. त्या खोलीत इतकं एकटं दुर्गाला कधी वाटलं नव्हतं. शेवटी सकाळी नळावर तिने गुड्डीचा हात धरला.

"गुड्डे, काय चुकलं माझं?"

"तुला माहीत नाही?"

"आईची शपथ, नाही."

गुड्डीने बादली खाली ठेवली. "माझं ठरलेलं लग्न मोडलं. पोराकडच्यांनी नाही म्हणून निरोप दिला. मी आईलासुद्धा रडून दाखवलं नाही. तुला सांगत होती आणि तू हसली."

दुर्गा तिच्या ओठांकडे बघत होती. या वेळी एकेक शब्द कळला.

"मला ऐकू आलं नाही."

"मांडीला मांडी लावून बसली होती तू."

"अंधार होता," दुर्गा म्हणाली. "अंधारात मला ऐकू येत नाही."

हे बोलल्यावर तिचं तिलाच उमगलं. गुड्डी आधी चिडूनच बघत होती. मग ती दुर्गाच्या मागे जाऊन उभी राहिली. नळावर दोन बाया पाणी भरत होत्या, त्या थांबून बघू लागल्या. थोड्या वेळाने गुड्डी पुढे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"किती वेळा हाक मारली मी," ती म्हणाली. "तू मान पण वळवली नाही."

दोघींनी खाडा केला आणि त्या सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. कान तपासायला प्राजक्ता नावाची मुलगी होती, रत्नागिरीकडची, दुर्गाच्याच वयाची. तिने दुर्गाला कपाटासारख्या एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं."

दार लागलं. आत इतकी शांतता होती की शिट्टी एकदम मोठी झाली. त्या शिट्टीत दुसरा आवाज शोधायचा म्हणजे पुरात पडलेली सुई शोधायची. काचेपलीकडे प्राजक्ताची मान खाली होती, हात हलत होते. दुर्गाने वाट बघितली. काहीच येईना. आपण नापास होतोय, असं तिला वाटलं. मग तिने बटण दाबलं. जरा थांबून पुन्हा दाबलं. प्राजक्ताचा हात हलला की दाबायचं, असं तिने मनाशी ठरवलं आणि ती दाबत सुटली.

प्राजक्ता दार उघडून आत आली आणि तिच्यासमोर खाली बसली.

"ताई, मी अजून आवाज सोडलेलाच नाही. पेनाला टोपण लावत होते मी."

दुर्गाने बटण मांडीवर ठेवलं आणि ती रडायला लागली. प्राजक्ताने तिला पाणी दिलं, थोडं थांबून सगळी तपासणी पुन्हा केली, आणि या वेळी दुर्गाने उगाच बटण दाबलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं ऐकणं परत येत नाही. त्याला औषध नाही. आहे तेवढं राखायचं असेल तर त्या मशीनपासून आधी लांब व्हा. काम बदलून मिळावं म्हणून त्यांनी कंपनीच्या नावाने कागदही लिहून दिला.

तो कागद दुर्गाने डब्याच्या पिशवीत ठेवला आणि कुणालाच दाखवला नाही. तिच्यासारख्या ठेकेदाराच्या माणसांचं काय होतं हे तिने पाहिलं होतं. कुणाला मणक्याचा त्रास, कुणाला दम लागतो, एवढं कळलं की दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालत नसे. ती कानात कापसाचे बोळे घालून जाऊ लागली. गुड्डीने भांडून पाहिलं.

"बहिरी होशील."

"काम सोडलं तर गावाला जावं लागेल. तिथे माझं काय होईल? कुणाला कळायच्या आत आई कुणाच्या तरी गळ्यात बांधून टाकेल मला. तो मागून हाक मारेल आणि मला ऐकू येणार नाही. मग?"



असं कितीतरी दिवस चाललं. मग एका दुपारी दुर्गा तुटलेला धागा जोडत वाकली होती आणि मागून बॉबिनने भरलेली ट्रॉली येत होती. ट्रॉली ढकलणाऱ्याला समोरचं दिसत नव्हतं. आजूबाजूच्या बाया ओरडल्या. दुर्गाला कळलं ते इतकंच की कुणीतरी तिचा दंड धरून तिला जोरात ओढलं, आणि ट्रॉली तिच्या पायाला घासून मशीनवर आदळली. ओढणारा सुपरवायझर होता, चोपड्याचे सुकदेवभाऊ. ते रागाने लाल झाले होते, त्यांचं तोंड हलत होतं. दुर्गा नुसती बघत राहिली. सुकदेवभाऊ बोलायचे थांबले. त्यांनी तिच्या कानातला कापूस बघितला आणि तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

तिने डब्याच्या पिशवीतून कागद काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पॅकिंगला घालायला सांगतो तुला," ते तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाले. "तिथे आवाज कमी आहे."

दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चाललं नाही. वॉचमनने तिला बाजूला उभं केलं. बऱ्याच वेळाने सुकदेवभाऊ आले. ते जमिनीकडे बघत बोलत होते, त्यामुळे तिला त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"मी पॅकिंगसाठीच बोललो होतो दुर्गाताई," ते शेवटी मान वर करून म्हणाले. "ठेकेदाराने नावच काढून टाकलं."

पुढचे दिवस वाईट होते. रोज सकाळी गुड्डीबरोबर निघून ती पार नरोली गावापर्यंत कंपन्यांची गेटं हिंडायची. वॉचमन काचेच्या केबिनमधून काहीतरी विचारायचे, ती "काय?" म्हणायची, ते पुन्हा विचारायचे, आणि तिसऱ्या खेपेला हाताने जा म्हणायचे. एकाने तिला मुकी समजून खुणा केल्या. ती त्याला मराठीत आणि मग हिंदीत नीट उत्तर देत राहिली, तरी तो खुणाच करत राहिला.

त्याहून वाईट होती रिकामी खोली. शांततेत शिट्टी वाढायची. पंखा पूर्ण वेगाने लावला, नळ सोडून ठेवला, स्टीलचं ताट वाजवून बघितलं. चहा केला तर त्याचा वास येई, चव लागत नसे. डोकं भिंतीवर आपटावं असं तिला वाटे, आणि एकदा तिने आपटलंही.

मग तिला एक उपाय सापडला. सूत कंपनीच्या मागच्या भिंतीलगत एक कच्चा रस्ता होता. तिथे उभं राहिलं की आतल्या मशीनचा गडगडाट भिंतीतून येई आणि त्यात शिट्टी बुडून जाई. ज्याने कान खाल्ले त्याच आवाजात तिला सुख लागत होतं. ती रोज दुपारी तिथे जाऊन भिंतीला पाठ लावून बसू लागली.

चाळीतल्या कुणीतरी गुड्डीला हे सांगितलं. गुड्डी सुट्टी टाकून आली. भिंतीशी बसलेली दुर्गा, धुळीने माखलेले पाय, मिटलेले डोळे, हे बघून तिने आधी तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"उठ. तू मरायला बसली का इथे?"

"इथे बरं वाटतं."

"उठ म्हणते ना."

गुड्डीने तिला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणलं, रिक्षात घातलं आणि थेट आपल्या पेनाच्या कंपनीत नेलं. तिथे टेबलांवर बसून बाया हाताने पेन जोडत होत्या. ठेका उषाबाईंकडे होता. गुड्डी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "ही माझी मैत्रीण. हिला कमी ऐकू येतं. हात एकदम झपाट्याने चालतो, फक्त समोरून बोलायचं."

वीस-पंचवीस माना वळल्या. दुर्गाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"कशाला सांगितलं सगळ्यांना?" बाहेर आल्यावर ती गुड्डीवर तुटून पडली. "माझी लाज काढली तू."

"लपवून काय मिळालं तुला?" गुड्डी म्हणाली. "माझं लग्न मोडलेलं आख्ख्या चाळीला माहीत आहे. मी जिवंत आहे ना?"

उषाबाईंनी तिला ठेवून घेतलं. सूत कंपनीच्या मानाने पगार बराच कमी होता, म्हणून दोघींनी लाइनच्या टोकाची लहान खोली घेतली. तिथे दुपारनंतर पाणी यायचं नाही. शिट्टी काही गेली नाही. टेबलावर बाया हसल्या की कशाला हसल्या ते दुर्गाला कळत नसे, आणि काही वेळा आपल्यालाच हसतात असं वाटून ती दिवसभर मान वर करत नसे. तरी तिचे हात चालायचे, आणि निळी रिफिल नळीत बरोबर बसली की बोटांना जाणवणारी ती हलकीशी टिचकी तिला आवडू लागली. ती ऐकावी लागत नव्हती.

घरी तिचे पैसे कमी का येतात, हे विचारायला आईचा, तानूबाईचा, एका संध्याकाळी फोन आला. दुर्गाने स्पीकर लावला आणि फोन उजव्या कानाशी घट्ट धरला.

"कशी शे माय तू?" एवढं कळलं. पुढचं कळलं नाही.

इतके दिवस ती अशा वेळी "हो, हो" म्हणून फोन ठेवायची. आज ती म्हणाली, "आई, थांब. तू बोलतेस ते मला समजत नाही. माझे कान गेलेत. सगळे नाही, अर्धे. मशीनने. ते काम सुटलं. आता दुसरीकडे जाते. मी गावाला येणार नाही, आणि माझ्यासाठी पोरगा बघू नको. बघितलाच तर आधी त्याला हे सांग."

पलीकडून काही आलं नाही. आई गप्प झाली होती, की हळू आवाजात रडत होती, की काही बोलत होती, हे तिला ओळखता येईना. तिने फोन कानापासून काढून स्क्रीन बघितली. फोन चालू होता, सेकंद पुढे सरकत होते.

तिने फोन पुन्हा कानाला लावला. आईला बोलायला वेळ मिळावा म्हणून ती स्वतःच बोलत राहिली. आज वांग्याचं भरीत केलं होतं, ठेचा जरा जास्तच पडला. नव्या खोलीच्या मागे सीताफळाचं झाड आहे, त्याच्या खाली कोंबड्या बसतात. गुड्डी बरी आहे. उद्या सुट्टी आहे, दोघी केस धुणार आहोत.