दोनशे पावलं

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून सुटून बुर्गी थेट व्हिन्सेन्झच्या स्कीच्या दुकानात आली. पहाटे चारपासून साठ म्हाताऱ्यांचं सूप, पावाचे गोळे आणि कुरकुर तिने एकटीने निस्तरली होती. दुकानात खुर्ची होती, पण एकदा बसलं की उठणं व्हायचं नाही, हे ठाऊक असल्याने ती उभीच राहिली.

"मला स्की हवी. बायकांची. सगळ्यात हलकी."

व्हिन्सेन्झ तिचा शाळेतला सोबती. "आधी नमस्कार-चमत्कार काही?"

"नमस्कार. सगळ्यात हलकी."

गेली एकवीस वर्षं हिवाळ्यात दर गुरुवारी त्या चौघी डोंगर चढायच्या: बुर्गी, फिलोमेना, हेडविग आणि ट्रूडे. दोरावरच्या पाळण्यात बसून वर जाणारे आणि नुसते घसरत खाली येणारे त्यांच्या खिजगणतीत नव्हते. बुटांखालच्या लांब स्कीच्या तळाला, मागे घसरू नये म्हणून, लोकरी पट्टी चिकटवायची आणि आपल्या पायांनी वर जायचं. ताज्या बर्फात जी पुढे, तिने वाट पाडायची. दोनशे पावलं झाली की बाजूला व्हायचं, तिघींना पुढे जाऊ द्यायचं आणि शेवटी लागायचं. हे कुणी ठरवलं होतं, कुणालाच आठवत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मात्र बुर्गीचा नंबर आला की फिलोमेना म्हणू लागली, "राहू दे, मीच जाते अजून थोडं." बुर्गीला तेव्हा बरंच वाटलं होतं. या हिवाळ्यात तर तेवढंही कुणी म्हणेना. बाजूला झालेली बाई गुपचूप बुर्गीच्या पुढे रांगेत शिरायची. बुर्गी कायमची चौथी झाली होती आणि हे तिला रात्रंदिवस खुपत होतं. अठ्ठावन्न म्हणजे काही मोडीत काढायचं वय नव्हतं. दोष पायांतल्या त्या जुन्या, ओंडक्यासारख्या जड स्कीचा, असं तिने स्वतःला पटवलं होतं.

व्हिन्सेन्झने एक निळी जोडी काढली. वर पांढरी फुलं.

"बायकांची म्हणजे एवढंच बघ. थोडी आखूड, थोडी मऊ, आणि वर फुलं."

बुर्गीने एक स्की उचलली. "अगं बाई!" हातात लाटणं घ्यावं इतकी ती हलकी होती. "हिच्यावर मी परत वाट पाडीन."

व्हिन्सेन्झने मान खाजवली. "वाट नाही पडायची हिच्याने. फार अरुंद आहे, ताज्या बर्फात खोल रुतेल. ही पाडलेल्या वाटेवरून चालायला. पुढे जायचं तर रुंद हवी, आणि रुंद म्हणजे जड."

"मग ही का काढलीस?"

तो उगाच काउंटर पुसू लागला. "सोमवारी फिलोमेना येऊन गेली. म्हणाली, बुर्गी आली की हीच दे. ती मागेच असते, तिला सोपं जाईल. चांगल्या मनाने म्हणाली गं."

"चांगल्या मनाने!"

बुर्गीचं डोकं भडकलं. पण भडकायलाही अंगात काही असावं लागतं. शिवाय फिलोमेना खोटं काहीच बोलली नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. तिने निळी जोडी खाली ठेवली.

"ती रुंदवाली काढ."

"जोडीमागे अर्धा किलो जास्त आहे, बुर्गी. आणि बूट अडकवायच्या खटक्यांसाठी एकदा भोकं पाडली की मी परत घेत नाही. नीट विचार कर."

"विचार करत उभं राहायची ताकद नाही माझ्यात. पाड भोकं."

गुरुवारी गुडघाभर नवा बर्फ होता. फिलोमेनाचं लक्ष आधी बुर्गीच्या पायांकडे गेलं. "ही कुठली उचललीस? व्हिन्सेन्झने तुला दुसरी दाखवली नाही?"

"दाखवली."

"जड आहे की गं ही."

"आहे."

चौघी निघाल्या. हेडविगने वाट पाडली, मग ट्रूडेने. ट्रूडे बाजूला झाली तशी फिलोमेना सवयीने पुढे सरकली.

"थांब," बुर्गी मागून म्हणाली. "आज तुझ्याआधी माझा नंबर."

"उगाच हट्ट करू नकोस. बर्फ बघ किती आहे."

"फिलोमेना, बाजूला हो."

फिलोमेना बाजूला झाली. बुर्गी पुढे गेली आणि मोजू लागली. रुंद स्की बर्फावर थोडी तरंगत होती, बाकी सगळं तिच्या मांड्यांनाच ओढायचं होतं. साठ पावलांवर तिला धाप लागली. एकशेदहावर सोडून द्यावंसं वाटलं. कुणी एका शब्दाने बोललं नसतं, पण ते न बोलणं तिला आता सहन होणार नव्हतं. एकशेचाळीसवर ती हातातल्या काठ्यांवर वाकून उभी राहिली. मागून कुणी "राहू दे" म्हणेल म्हणून तिने जीव मुठीत धरला. तिघी मुकाट्याने थांबून राहिल्या. ती पुन्हा निघाली. मध्येच आकडा चुकला, तेव्हा थोडी जास्तच चालली आणि मग बाजूला झाली.

फिलोमेना जवळून जाताना क्षणभर थांबली. तिचे डोळे लाल झाले होते.

"दोनशे आठ," ती म्हणाली. "मोजता येत नाही का तुला?"

बुर्गीने काठी हलवून तिला पुढे जायची खूण केली. हेडविग गेली, ट्रूडेही गेली, आणि बुर्गी त्यांच्या मागे लागली. पुन्हा ती चौथीच होती, पण आज पुढे वाट पाडून आलेली.