दस्तीखालचा हात

माझा पुतण्या रविकुमार बेंगळूरची नोकरी सोडून आला आन् त्येला एक याड लागलं. पाव्हण्यास्नी औरादमधनं पायी फिरवायचं आन् "औरादच्या पैशाचा इतिहास" दाखवायचा. लोक तिकीट काढून येत्यात, बोला! सावकाराच्या गल्लीत उभा ऱ्हाऊन निजामाच्या काळातला हाली रुपया दाखवतोय. बंद पडलेल्या पतपेढीच्या कुलपाचे फोटू काढू देतोय. "हितले पैसे कुठं गेले?" कुणी इचारलं तर म्हणतोय, "त्ये अजून कुणालाच कळलं न्हाई." आन् लोक टाळ्या वाजवत्यात.

एक दिशी रविकुमार माझ्याकडं आला. "काका, जनावरांच्या बाजारात दस्तीच्या फडक्याखाली बोटं धरून भाव कसा ठरवत्यात, तेवढं दाखवा. आन् एक जनावर आणा, फोटूत बरं दिसतंय."

मी बाजारातला जुना दलाल. फुगलो की! घरात जनावर एकच, काशी म्हैस. ती माझ्या बायकोची, म्हाळसाबाईची, पोटच्या लेकरापरीस लाडकी. म्हाळसाबाई सकाळीच चिंताकीला बहिणीकडं गेलती. जाताना बजावलं व्हतं, "काशीला दावणीवरनं हलवू नका." सांजच्या धारेपतोर आणून बांधू म्हणून मी सोडलीच.

बाजारात पाव्हण्यांतले एकजण हौसेनं पुढं झाले. गुरुबसव म्हणून कलबुर्गीचे, बँकेतनं रिटायर झालेले म्यानेजर. मी सांगितलं, "सायेब, एक बोट धरलं की दहा हजार. दोघांतला भाव तिसऱ्याला कळत न्हाई." खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या हातावर टाकली. आन् सायबानं काय करावं? बँकेत गिऱ्हाइकाशी मिळवत्यात तसा माझा अख्खा हात धरून गदागदा हालवला. पाचीच्या पाची बोटं!

माझं त्वांड मला न इचारताच वरडलं, "झाला सौदा!" जलमाची सवय, दुसरं काय. कनवटीचा भंडारा काढून सायबाच्या कपाळाला लावला, दावं त्यांच्या हातात दिलं. मग ध्यानात आलं आन् दावं परत घ्याया हात पुढं केला.

"अवो, ह्ये दाखवायपुरतं व्हतं," मी म्हणलो.

तर शेजारचा दलाल अण्णाराव माझ्यावरच खेकसला. "भंडारा लागल्यावर कोण फिरतंय का, धोंडप्पा? उद्या तुझ्या दस्तीखाली हात कोण घालंल?"

खरं व्हतं त्ये. सायेबबी हट्टाला पेटले. "नियम म्हंजे नियम, धोंडप्पा. मी जलमभर लोकास्नी हेच सांगितलंय." फोन काढला आन् पन्नास हजार माझ्या खात्यात. लाखाची म्हैस! मला रडूच आलं. म्हाळसाबाईला काय सांगू?

सायेब काशीला बस स्टँडकडं वढाय लागले. काशीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आन् घराकडं धूम ठोकली. दावं सायबांनी मनगटाला गुंडाळलेलं. पुढं म्हैस, मागं सायेब, त्येंच्यामागं समदे पाव्हणे. रविकुमार पळता पळता सांगायलाय, "आता आपण पशुधनाच्या जुन्या मार्गावर आहोत!" मुडदा बशिवला त्येचा.

दारात म्हाळसाबाई उभी, धारेसाठी चिंताकीहून परतलेली, हातात चरवी. "कामून पळवायलाव माझ्या म्हशीला?"

मी खाली मान घालून समदं सांगितलं. वाटलं, आज चरवी टाळक्यात बसतीय. पर ती सरळ सायबापुढं गेली आन् त्यांच्या हातावर आपला पदर टाकला. आत काय चाललंय कुणास ठाऊक. सायबाच्या कपाळावरचा भंडारा घामानं गळाय लागला.

"अक्का, झाला सौदा, सोडा आता," सायेब म्हणले.

तिनं त्यांच्या हातातनं दावं काढून घेतलं आन् मला म्हणली, "त्यास्नी चाळीस हजार पाठवा."

"अगं, त्येंनी पन्नास दिलेत!"

"सांजच्याला बाजार उतरतोय."

सायेब पोट धरून हसाय लागले. "अक्का, तुम्ही बँकेत असता तर मी तुमच्या हाताखाली असतो," म्हणले. काशीच्या दुधाचा चहा पिऊन खुशीत गेले.

समदे गेल्यावर मी हळूच इचारलं, "दहा हजार उरले की गं. माझी दलाली?"

"या की," म्हणून तिनं माझ्या हातावर पदर टाकला. आत एकच बोट धरलं. चार दिस झाले, त्या हातानं भाकर मोडंना.