उंबरठ्याआतले खमीर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ओंडका आहे. लांबीला तुमच्या हाताएवढा. माझ्या अंगावर चारी बाजूंनी खोल खाचा आहेत. बिअरच्या एका भट्टीमागे छोटी खोली आहे, तिथे मी खिळ्याला टांगलेला असतो. चुलीत घालायचे लाकूड इथे कशाला टांगले, असे नवीन माणसाला वाटते. पण एके काळी ही सगळी भट्टी माझ्यावर चालत होती.

ही भट्टी पहिल्यापासून एकाच घराची. आताच्या मालकांच्या पणजोबांनी ती उभी केली. अंगणात पडलेल्या झाडाची फांदी तोडून त्यांनीच मला तासले आणि पटाशीने खाचा पाडल्या.

बिअर जवापासून होते. ती तुमच्यासाठी नाही, पण होते कशी हे ऐकायला हरकत नाही. जवाला मोड आणतात, ते वाळवून दळतात, गरम पाण्यात भिजवतात. त्याचे गोड पाणी तांब्याच्या मोठ्या हंड्यात कडू फुलांबरोबर उकळतात. पण दुधाला जसे विरजण लागते तसे या पाण्याला खमीर लागते. खमीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. पाणी निवले की मला पिंपात सोडत. दुसऱ्या दिवशी वर जाड फेस येई. त्या फेसात मला घोळवून सावलीत वाळवत आणि पुन्हा टांगत. ते जीव माझ्या खाचांत झोपून राहत आणि पुढच्या पिंपात जागे होत. म्हणून मला कधी धूत नसत. गरम पाणी तर माझ्या जवळही आणत नसत, कारण त्याने खमीर मरते.

या घरात माझ्याबद्दल दोन नियम होते. पहिला, खमीर उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. दुसरा, माझे काम घरातल्या सुनेने करायचे, मुलींना ते दाखवायचे नाही. मुली लग्न होऊन जातात आणि गुपितही घेऊन जातात, असे थोरले म्हणत. भट्टीतल्या गड्यांसाठी तर मी नुसते एक लाकूड होतो.

शेवटची सून म्हणजे आताच्या मालकांची बायको. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत. मला उतरवताना त्या आधी आपले हात थंड पाण्यात बुडवायच्या. मला वाळवताना कुरवाळल्यासारख्या फिरवायच्या. भट्टीत बोळका नावाचा एक म्हातारा जाळ सांभाळत असे. दात नव्हते म्हणून हे नाव. तो म्हणायचा, "मालकीणबाई, नवऱ्यापेक्षा या लाकडाचे लाड जास्त करता तुम्ही."

"लाकूड उलटून बोलत नाही, बोळकाकाका."

मालक हंड्याजवळून ओरडत, "ऐकू येतंय मला!"

ते माझे चांगले दिवस होते. आमची बिअर प्यायला लोक लांबून येत. तिला पिकलेल्या नासपतीसारखा एक वास असे, तो दुसऱ्या कुठल्याच बिअरला नव्हता. तो वास माझ्या खाचांतला होता.

त्यांच्या एकुलत्या मुलीचे लग्न झाले. जावयाची बेकरी होती. एक दिवस मालकीणबाई मला वाळवत होत्या आणि मालक दारात उभे होते.

"अहो, पोरीला थोडं खमीर देऊ का? पाव छान फुगेल तिचा."

"नाही."

"पोटची पोर आहे."

"आता दुसऱ्या घरची आहे. माझ्या आजोबांनी सख्ख्या भावाला दिलं नाही."

"आजोबांचं सोडा. उद्या इथं आग लागली, काही झालं, तर दुसरीकडे थोडं असलेलं बरं ना?"

"शुभ बोल की जरा. नाही म्हटलं ना एकदा?"

 मालकीणबाई मला खिळ्याला अडकवून गेल्या.

मग त्या आजारी पडल्या. आधी जिना चढताना धाप लागू लागली, मग अंथरुणाला खिळल्या. मालकांनी भट्टी बंद ठेवली. पिंपे रिकामी पडली आणि घराचे सगळे खमीर फक्त माझ्या अंगावर उरले. मालकीणबाईंनी अंथरुणाजवळच्या खिळ्याला मला टांगून घेतले, म्हणून त्यांचे बोलणे मी ऐकले.

"अहो, ओंडक्याचं सगळं तुम्हाला सांगून ठेवते. घरात कोणालातरी माहीत हवं."

"तू बरी हो आणि तूच कर," मालक म्हणाले. ऐकून घेतले असते तर ती जाणार हे मान्य करावे लागले असते. ते त्यांच्याने होईना. ते पायाशी बसून तिचे तळवे चोळत राहिले.

त्या गेल्या. घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. मालकांची थोरली बहीण तेवढी मागे राहिली. तिने आजारपणाची खोली आवरायला घेतली. चादरी उकळल्या, औषधाच्या बाटल्या फेकल्या, भिंती पुसल्या. मालक तेव्हा बाहेर गेले होते. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी काळा, चिकट, खाचांत वाळका फेस भरलेला.

"अगं बाई, केवढा हा मळ! बिचारीला जमलं नसेल," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने मला उकळत्या पाण्यात टाकले, सोडा घातला आणि ब्रशाने एकेक खाच घासली. घासताना ती भावजयीसाठी रडत होती. मित्रांनो, ती याच घरात जन्मली होती, याच अंगणात वाढली होती. पण ती मुलगी होती. तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

मालक परत आले तेव्हा मी ओट्यावर उन्हात पडलो होतो, पांढराफटक.

"ताई, हे कशानं धुतलंस?"

"उकळत्या पाण्यानं, सोडा टाकून. आणि कशानं? बघ, लाकडाचा रंग कसा निघाला! का रे, काय झालं?"

मालकांनी मला उचलले, खाचांतून अंगठा फिरवला. "काही नाही. चांगलं झालं," ते म्हणाले. बहिणीला त्यांनी शेवटपर्यंत काही कळू दिले नाही.

ती आपल्या घरी गेल्यावर त्यांनी बोळक्याला बोलावून सगळे सांगितले आणि भट्टी पेटवली. गोड पाणी केले, निववले, मला पिंपात सोडले. दोघे पिंपाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी फेस आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग पाण्यावर करडी साय धरली आणि आंबूस घाण सुटली. ते सगळे गटारात ओतावे लागले.

बोळका म्हणाला, "मालक, मालकीणबाईंनी पोरीला गुपचूप दिलं असेल हो. बायका कुठं ऐकतात? माझीनं तर जन्मात ऐकलं नाही."

मालकांच्या डोळ्यांत चमक आली. बायकोच्या शालीत मला गुंडाळून ते बसने मुलीकडे निघाले. तिथल्या खमिरात मला घोळवायचे आणि घरी आणायचे, असा बेत होता. वाटभर त्यांनी मला छातीशी धरले होते. "ऐकलं नसशील ना माझं? एवढ्या एका वेळी तरी?" ते पुटपुटत होते. शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

मुलगी बेकरीत कणीक मळत होती. पिठाच्या हातांनीच तिने बापाला धरले.

"आईनं तुला खमीर दिलं होतं का गं?" त्यांनी दारातच विचारले. "खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही, बाबा."

"थोडंसुद्धा नाही? पावासाठी?"

"तुम्ही नको म्हणालात ना? मग ती कशी देईल?"

मुलीने फळीवरून एक काचेची बरणी काढली. स्वच्छ आणि कोरडी.

"ही देऊन गेली होती. म्हणाली, आत्ता नको म्हणतात, पण विरघळतील. तेव्हा धावाधाव नको, बरणी तयार असू दे. मी पुसून ठेवते अधूनमधून."

मालक पिठाच्या पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांनी बरणी हातात धरून ठेवली, आणि मी शालीत त्यांच्या मांडीवर होतो.

आता भट्टी चालू आहे. खमीर बाजारातून येते. बिअर बरी होते असे लोक म्हणतात. मालक ती चाखत नाहीत, बोळक्याला चाखायला लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या हातात एखादी कला असेल तर ती आजच विचारून घ्या. कोणी आपणहून सांगू लागले तर "नंतर" म्हणू नका, मग ते ऐकताना कितीही रडू येवो. आणि तुमच्याजवळ जपण्यासारखे काही असेल तर त्यातले थोडे दुसऱ्या घरीही देऊन ठेवा. कुलपात ठेवलेले एका दुपारी संपते.

मी पुन्हा जुन्या खिळ्याला आहे. माझ्याखाली ती बरणी ठेवली आहे. आता मला कितीही गरम पाण्याने धुतले तरी काही बिघडणार नाही. पण मालक माझ्या जवळ कोणाला पाणी आणू देत नाहीत. मला उतरवून पुसायचे झाले, तर आधी ते आपले हात थंड पाण्यात बुडवतात.