कुरकुर न केलेला सोटा

मी सोटा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. पण म्हणे, सगळे आपापली हकिगत सांगतात, तूही सांग. माझी कसली डोंबलाची हकिगत? लाज आहे नुसती. ऐका, आणि मध्ये तोंड घालू नका.

माझा जन्म एका मोडक्या शिडीतून. शिंपीणबाईंचा नवरा सुतार. बायकोच्या अधू गुडघ्यासाठी त्याने मला तासलं. "शिडीचं लाकूड आहे, चढणं त्याच्या रक्तातच!" असं बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. मी फुगायचो.

पुढे मला मधोमध चीर गेली. भार पडला की कुरकुरायचो.

बाईंना एकदा तरी डोंगरमाथा गाठायचा होता. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर डॉक्टर चढू देणार नव्हता. निघायच्या सकाळी सुतार कामावर गेलेला. धाकट्या दिराने माझी कुरकुर ऐकली आणि चिरेवर चिकटपट्टी गुंडाळली.

"वहिनी, नियम एकच. आज कुरकुर बंद! मन खंबीर तर डोंगर ठेंगणा."

"भाऊजी, हा नियम मला की सोट्याला?"

"दोघांनाही!"

चढ छातीवर येणारा. दर वळणावर दीर ओरडे, "आलंच, आलंच!"

"मी गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगते ना, तसलंच तुमचं 'आलंच'!" बाई धापा टाकत हसायच्या. पण चढत होत्या.

पट्टीखाली चीर वाढत होती. पट्टीने माझं तोंड काही पुरतं बांधलं नव्हतं. एकदा कुरकुरलो असतो तर बाई थांबल्या असत्या. पण एवढ्या खंबीर मंडळींत रडतोंड्या कोण होणार? बसलो गप्प.

माथा शंभर पावलांवर असताना मोडलो. बाई त्याच गुडघ्यावर पडल्या. बसत, घसरत खाली उतरल्या.

"कुजकं लाकूड! त्यानेच घात केला," दीर घरी सांगत सुटला.

सुताराने पट्टी सोलली. "चीर जुनी आहे ही. वाटेत कुरकुरला नाही?"

"अजिबात नाही हो. गुणी बाळासारखा गप्प होता," बाई म्हणाल्या.

त्या 'गुणी'ने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माथा राहिला तो राहिलाच. आता माझा अर्धा तुकडा खिडकीला टेकू म्हणून लावलाय. बाबांनो, हिंमत जरूर धरा, पण कुरकुरणाऱ्याचं आधी ऐका.

बाईंची माफी मी मागायला हवी, पण कुठल्या तोंडाने मागू? आणि मला पट्टी गुंडाळून वर कुजका म्हणणाऱ्याने माझी मागायला हवी. ती अजून आलेली नाही. नाव विचारता? आमचे धाकटे भाऊजी!